अण्णांचं पोस्टर

मार्गशीर्षातली ती सकाळ. गंगापूर रोडवरच्या छोट्याशा कलादालनात वार्निशचा उग्र वास अजून रेंगाळत होता, खिडकीतून आलेलं कोवळं ऊन भिंतीवरून सरकत माझ्या सर्वांत मोठ्या चित्राच्या कडेशी येऊन थांबलं होतं, आणि मी मोबाइल मुठीत घट्ट धरून उभी होते. आईचा नुकताच फोन येऊन गेला होता. "अगं, मावशीच्या सुहासने तुझं चित्र माझ्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं. अण्णांनी पाहिलं. आम्ही रिक्षात बसलोय."

अण्णा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करण्यात गेलेले पुरोहित. आणि चित्रात तेच होते.

आम्हा तीन चित्रकारांचं ते प्रदर्शन होतं. सिनेमाची पोस्टरं, कॉमिक्सची पानं, मोबाइलवरचे हसरे-रडके चेहरे, या सगळ्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीला कॅनव्हासवर निव्वळ निसर्ग रंगवता येत नाही. माझ्या ब्रशातून नकळत जाड काळी रेघ उतरते, आभाळ छपाईच्या ठिपक्यांनी भरून जातं. तसंच अण्णांचं झालं होतं. जुन्या चित्रपटाच्या पोस्टरवर नायक उभा असावा तसे ते गोदेच्या पाण्यात उभे. मागे केशरी, ठिपक्यांचं आभाळ. तोंडापाशी कॉमिक्समधला संवादाचा पांढरा फुगा. पण त्या फुग्यातला मंत्र मध्येच तुटलेला होता, आणि त्याची सुटी अक्षरं, चित्रपटाच्या नावासारखी जाड नि रंगीत, एकेक करून पाण्यात पडत होती.

ते मी कल्पनेने रंगवलेलं नव्हतं. गेल्या पितृपक्षात मी घाटाच्या पायरीवर स्केचबुक घेऊन बसले होते. मनमाडहून आलेले एक रेल्वेतले गृहस्थ आईचं श्राद्ध करत होते. अण्णांनी त्यांच्या आईचं नाव विचारलं, थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. आणि त्यानंतर, हजारो वेळा म्हटलेल्या मंत्राची पुढची ओळच त्यांना आठवेना. ते उगाचच खोकले, पळीतलं पाणी सांडलं. ते गृहस्थ हात जोडून तसेच बसून राहिले आणि हलकेच म्हणाले, "सावकाश होऊ द्या, गुरुजी." अण्णांच्या डोळ्यांत त्या क्षणी जे भय मी पाहिलं, ते त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. माझी पेन्सिल मात्र थांबली नव्हती.

घरी हे अण्णा, आई आणि मी, आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि तिघंही एकमेकांशी त्याबद्दल बोलत नव्हतो.

"उतरवते मी ते," मी म्हणाले. माझ्याबरोबर प्रदर्शन मांडणारी मृणाल शिडीवरून दिवा नीट करत होती. "आत्ता उतरवलंस तर त्यांना काय वाटेल?" तिने विचारलं, "की तुला त्यांची लाज वाटते?" मी खिळ्यापर्यंत नेलेला हात मागे घेतला. आईचा पुन्हा फोन आला. ते द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले होते. ती वीस-पंचवीस मिनिटं मला अजून आठवतात. प्रत्येक रिक्षाच्या आवाजाला मी दाराकडे बघायचे. लोक येत होते, चित्रासमोर उभं राहून फोटो काढत होते, आणि दर फोटोगणिक आपण वडिलांकडून काहीतरी हिसकावून घेतलं आहे, ही जाणीव माझ्या आत खोल रुतत होती.

आईबरोबर अण्णा आले. स्वच्छ धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी. माझ्याकडे न पाहता ते थेट चित्रापाशी गेले.  पाण्यात पडणारी अक्षरं ते ओठांतल्या ओठांत जुळवत होते, हे मला बाजूने दिसत होतं.

"मनू, हे त्या मनमाडच्या यजमानांच्या वेळचं ना?"

मी मान हलवली.

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं." चित्रावरची नजर न काढता ते म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस."

"अण्णा, मी आत्ता उतरवते."

"नको. चांगलं झालंय. डोळे तर अगदी..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. "फक्त संध्याकाळपर्यंत झाकून ठेव. गोविंदाला, घाटावरच्या लोकांना मी अजून काही बोललेलो नाही. त्यांना हे भिंतीवरून कळायला नको. मी स्वतः सांगतो."

गोविंदकाका म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, घाटावर त्यांच्या शेजारीच बसणारे. मृणालने एक पांढरी चादर आणली. चादरीचं एक टोक अण्णांनीच धरलं आणि टाचा उंचावून चौकटीवर टाकलं. मग आईला तिथेच बसवून ते एकटेच रिक्षा करून घाटाकडे गेले.

दिवसभर लोक त्या झाकलेल्या चित्रासमोर थबकत, विचारत आणि पुढे जात. आई माझ्याशेजारी बसून होती. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं, पिवळं पडलं, विझायला लागलं, तेव्हा फोन वाजला. "सांगितलं," अण्णा म्हणाले. "यापुढे माझे यजमान गोविंदा बघेल. रडला तो. तुझ्या आईला सांग, मी घरी निघालोय. आणि ती चादर काढ आता."

मी चादर काढली. दालनात दोनच मुली उरल्या होत्या, बहुधा कॉलेजातल्या, पाठीवर सॅक. चित्र पाहून त्या जवळ आल्या. "किती भारी आहे," एक म्हणाली. "हे कोण आहेत?"

माझ्याजवळ एक उत्तर तयार होतं: प्रतिमा, लोकप्रिय संस्कृती, स्मृती. सकाळी विचारणाऱ्या सगळ्यांना मी तेच दिलं होतं. पण आई माझ्याकडे बघत होती.

"माझे वडील," मी म्हणाले. "त्यांना आता विसरायला होतं."

इतके महिने जे मी रंगवत होते, ते तोंडाने मी प्रथमच उच्चारलं होतं. स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटला.  आई उठली, पदर सावरत माझ्याजवळ आली आणि त्या चित्राकडे पाहतच माझ्या हातातल्या चादरीची घडी घालू लागली.