काकूंचा पासवर्ड आणि तिसरं मशीन

तुझी मावशी एका जागी बसणारी नव्हेच. जेवतानासुद्धा तिचा पाय टेबलाखाली हलत असायचा. आणि नोकरी लागली ती खुर्चीत बसून कंपनीची मशीनं सांभाळायची.

कंपनीतून रोज माल भरून ट्रक जायचे, आणि प्रत्येक ट्रकची नोंद कॉम्प्युटरवर व्हायची. माणसं पुष्कळ, एकाच मशीनवर सगळा भार नको, म्हणून आत तीन मशीनं ठेवलेली. त्यांच्या पुढे दारवानासारखं आणखी एक. आलेल्याला ते तिघांपैकी एकाकडे धाडायचं, आणि एकदा धाडलं की थोडा वेळ तिकडेच धाडत राहायचं. बाहेरच्याला यातलं काही कळायचं नाही. त्याला एकच पान दिसायचं, नाव टाका, पासवर्ड टाका.

खाली गोदामात नोंदी करायला एक काकू होत्या. महिनाभर त्यांचा पासवर्ड सारखा चुकायचा. पाच वेळा चुकला की खातं बंद, मग ट्रक उभे आणि ड्रायव्हरांची बोंबाबोंब. मावशी वरून फोनवर सांगायची, "काकू, कॅप्स लॉक बघा." स्वतःच्या टेबलावरून करून बघायची तर सगळं सुरळीत. शेवटी वैतागून तिने साहेबांना लिहून दिलं की मशीनमध्ये दोष नाही, बाईंचंच चुकतंय. साहेबांनी ठरवलं, काकूंना नोंदींवरून काढायचं आणि पॅकिंगला लावायचं. गुडघे धरलेली बाई ती, दिवसभर उभी कशी राहणार? हुकूम चार वाजता निघायचा होता.

हे दुपारी मावशीच्या कानावर आलं. पाणी पिऊन आली, खिडकीपाशी गेली, परत बसली, परत उठली. जीव थाऱ्यावर नाही. शेवटी तडक जिना उतरून गोदामात गेली.

"टाका बरं काकू, मी बघते."

काकूंनी एका बोटाने एकेक अक्षर टाकलं. घेतलं नाही.

"मोठ्याने म्हणत टाकू का?"

"नको हो, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो."

"मग तुम्हाला कळणार कसं, मी काय टाकते ते? हे मशीन पेंगायला लागलं की घेतच नाही बघा."

"पेंगायला?"

काकूंनी वही पुढे सरकवली. ट्रकची वेळ लिहायची सवय, म्हणून त्यांनी दोन्हीकडची वेळ टिपून ठेवली होती, भिंतीवरच्या घड्याळातली आणि पासवर्डच्या पानावर कोपऱ्यात बारीक दिसायची ती. पासवर्ड घेतला तिथे दोन्ही सारख्या. नाही घेतला तिथे पानावरची सात मिनिटं मागे. दर वेळी.

"हे मला सांगायचं नाही का?"

"विचारलं कुणी? तुम्ही कॅप्स लॉकच्या पुढे जाऊ दिलंत का मला?"

मावशीने कपाळाला हात लावला. पानावर दिसायची ती आतल्या मशीनची वेळ. पासवर्ड तपासणारं मशीन या तिघांहून वेगळंच असतं, आणि ज्या मशीनचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकतं त्याचं ते ऐकूनच घेत नाही. तिसरं मशीन महिन्यापूर्वी दुरुस्त होऊन आलेलं. ते तिनेच जोडलं होतं, घड्याळ लावायचं राहून गेलं. बाकीचे लोक सकाळी एकदा आत शिरले, एखाद्याचं अडलंच तर थोड्या वेळाने पुन्हा टाकून शिरले, की संध्याकाळीच बाहेर पडायचे. नियमाप्रमाणे दर ट्रकनंतर बाहेर पडून पुन्हा आत शिरणाऱ्या एकट्या काकू. म्हणून सारख्या अडकायच्याही त्याच.

मग माझ्याकडे चालत कसं होतं? जिना चढता चढता तिला आठवलं. काम झटपट व्हावं म्हणून दारवानाला टाळून तिने आपल्या कॉम्प्युटरला थेट पहिल्या मशीनचा रस्ता लावून दिला होता. कॉम्प्युटरमधली त्या रस्त्याची ओळ तिने पुसली आणि थोड्या थोड्या वेळाने करून बघितलं. एकदा आत गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा पान म्हणालं, पासवर्ड चुकीचा. तिचाच, रोजचा. कानशिलं तापली तिची.

घड्याळ लावायला दोन मिनिटं लागली. तोवर साडेतीन झाले होते.

साहेब म्हणाले, "चालू झालं ना? मग झालं तर. हुकूम थांबवतो मी. तुझा रिपोर्ट राहू दे तसाच, उगाच कशाला अंगावर घेतेस?"

"त्यात काकूंची चूक लिहिलीय, साहेब. ती माझी आहे."

उभ्या उभ्याच तिने नवा कागद लिहिला, सही केली आणि एक प्रत घेऊन खाली गेली. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी सावकाश. बाहेर ट्रक हॉर्न वाजवतोय, आणि मावशी या पायावरून त्या पायावर.

"तारीख राहिलीय," काकू म्हणाल्या.

मावशीने तारीख घातली. काकूंनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला, किल्ली फिरवली आणि दाराकडे बघून ड्रायव्हरला हाक मारली, "ये रे, नंबर सांग."