पिशवीचा नंबर

नंबर हा शब्द इंग्रजांचा, असं मी धरून चाललो होतो. आमची नात कॉलेजात जाते. ती मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "आजोबा, त्यांचा पण नाही तो. त्यांनी फ्रेंच लोकांकडून घेतला, फ्रेंचांनी लॅटिनमधून." म्हटलं, असेल. बदल्या होत होत आला असेल. पण त्याला खरं कामाला लावलं ते आम्ही. मी चौथी नापास माणूस, तरी हा एक शब्द मला कोणी शिकवायला येऊ नये.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ होती. नळ खाली, उतार संपतो तिथे. पाणी पहाटे यायचं, पण नंबर आदल्या संध्याकाळी लागायचा. माणसाने उभं राहायची गरज नव्हती. हंडा ठेवला, नंबर लागला. हंडा नसेल तर फुटकी बादली, तीही नसेल तर धोंडा. आमचा धोंडा काळा, एका बाजूने चपटा. अख्ख्या चाळीला माहीत, हा कोणाचा. नळावर बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, पण दुसऱ्याचा धोंडा कोणी हलवला नाही.

कंपनीत बिल्ल्याचा नंबर होता, साहेब त्यानेच हाक मारायचा. मुलाचा शाळेत नंबर आला की चाळभर पेढे. बाजारात दोन नंबरचा माल. आणि कोणी वारला की कट्ट्यावरचे म्हातारे म्हणायचे, "लागला त्याचा नंबर. आता आपला." त्या नंबरात तरी कोणी घुसत नाही, एवढंच बरं.

यंदा आमच्या हिच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला. चष्मा बदलला तरी तांदळातला खडा दिसेना. एक दिवस तेलाच्या कढईत हात गेला. मग कळलं, मोतीबिंदू. हॉस्पिटलात डोळ्यांचे मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, ऑपरेशनची तारीख तेच देतात. तो दिवस हुकला की पुढचा आठवडा. हिला तर आता चुलीजवळ जायची भीती बसलेली.

म्हणून गेट उघडायच्या आधी आम्ही दोघं तिथे. गेट उघडलं, मी सरळ डोळ्यांच्या विभागाच्या दारासमोर माझी कापडी पिशवी ठेवली. पहिला नंबर. मागून आलेल्या एका म्हाताऱ्याने पिशवीमागे छत्री ठेवली. त्याच्यामागे कोणाची पाण्याची बाटली, कोणाची चप्पल. शहाणी माणसं, कोणाला काही सांगावं लागलं नाही. मी हिला घेऊन बाहेर चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर पिशवी, छत्री, बाटली, चप्पल, सगळं कोपऱ्यात ढीग करून टाकलेलं. लोक हातात चिठ्ठ्या घेऊन खुर्च्यांवर बसलेले.

"कोणी हलवली रे पिशवी?"

"मी," दारावरचा वॉचमन म्हणाला. "काका, आता मशीन आहे. बटन दाबा, टोकन घ्या."

"माझा पहिला नंबर आहे. ही पिशवी बघ."

"पिशवीला मोतीबिंदू झालाय का?"

खुर्च्यांवरचे फिदीफिदी हसले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुझ्या बापाला विचार जा, पिशवी ठेवणं म्हणजे काय ते."

"माझा बाप गावी विहिरीवर पाणी भरतो काका. तिथे लाईनच नसते."

छत्रीवाला गुपचूप बटन दाबून आला. वर मला म्हणतो, "घे ना यार, काय जातंय?" म्हटलं, तू घे. तुला कणा नाही.

आधी आला तो आधी, याच्याहून वेगळा कायदा मला माहीत नाही. मी पिशवी परत दारासमोर ठेवली, हिला बाकावर बसवलं आणि वर ऑफिसात तक्रार करायला गेलो. साहेब मिटिंगमध्ये. शिपाई म्हणाला, बसा. बसलो. कोणी आत घेईना, कोणी जा म्हणेना. शेवटी साहेब दुसऱ्या दाराने निघून गेले, हे मला चहावाल्याकडून कळलं.

तणतणत खाली आलो. पिशवी जागेवर होती, बाकावर ही नव्हती. एवढ्यात आतल्या खोलीतून भिंत चाचपडत ही बाहेर आली.

"कुठे गेली होतीस?"

"आत. तारीख दिली डॉक्टरने."

"टोकन कोणी घेतलं?"

"मी. एका बाईने मशीन दाखवलं, बटन मी दाबलं. तुम्ही बसा तुमचा नंबर सांभाळत. मला दिसायला हवंय."

रिक्षात मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. तारीख मिळाली हे चांगलंच झालं, पण माझा पहिला नंबर गेला तो गेलाच, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. हिलासुद्धा.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही पुन्हा सगळ्यांच्या आधी पोचलो. मी दारासमोर पिशवी ठेवली. मग हिचा हात धरून मशीनपाशी गेलो. बटन हिनेच दाबलं.

"काका, आज पण?" वॉचमन पिशवीकडे बघत म्हणाला.

"आज पण."

तो पुढे झाला, थांबला, आणि पिशवीला वळसा घालून गेला. हिला आत नेलं, तेव्हाच मी पिशवी उचलली.