मागच्या सीटवरची कुंदा

कुंदा माझ्या दुकानात शिरली की माझं डोकं फिरतं. हे काही आजचं नाही. उल्हासनगर कॅम्प दोनला माझा जुन्या गाड्यांचा धंदा आहे, शंकरराव म्हटलं की कोणीही पत्ता सांगेल. पार्टी समोर उभी असते, गाडीची तारीफ करून करून माझा घसा कोरडा पडलेला असतो, टोकन द्यायला पार्टीचा हात खिशात गेलेला असतो, आणि तेवढ्यात ही बाई येते. चप्पल बाहेर काढते, मागचं दार उघडते आणि आत जाऊन गप्प बसते. बॉनेट उघडून बघत नाही, किती चालली विचारत नाही, टायरला लाथ मारत नाही. नुसती बसते. उतरते, परत बसते. मग पार्टीच्या कानात काहीतरी बोलते आणि पार्टी म्हणते, "शेठ, उद्या कळवतो." तो उद्या आजवर उजाडलेला नाही.

ही काही कुठल्या कंपनीची माणूस नाही. दोन गल्ल्या सोडून एका सिंधी शेठचं सीट कव्हरचं दुकान आहे, तिथे मशीनवर बसते. राहायला अंबरनाथ पश्चिमेला. लग्न होऊन आली तेव्हापासून कव्हरं शिवते आहे, आता पन्नाशी उलटली. स्वतःची गाडी नाही, चालवता येत नाही. तरी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आजूबाजूची माणसं आधी हिला शोधतात. मला हेच कळायचं नाही. एकदा तोंडावर विचारलं, "कुंदा, तुला गाडीतलं कळतं तरी काय गं?"

"काही नाही कळत," ती म्हणाली. "इंजिन तुमचा मिस्त्री बघतो ना? चांगला मिस्त्री आहे तो. मी बसणं बघते."

"बसणं काय बघायचं? बूड टेकलं की झालं बसणं."

"तुमचं झालं, शंकरराव. तुम्ही पुढे बसता. मागे कोण बसतं? सासू, बाळंतीण, प्लास्टरवाला पाय. गाडी घेताना त्यांना कोण विचारतं?"

मी चहा मागवला. पण त्या दिवसापासून ती आली की मी नजर ठेवायला लागलो. ती काय करते, हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

तर ती असं करते. मागची सीट उचलते आणि खाली हात घालते. तिथे निघतं काय काय. केसांच्या पिना, अक्षता, गोळ्यांची रिकामी पाकिटं, वाळू, शाळेतली रबरं. ते सगळं ओढणीवर मांडते आणि बघत बसते. "ही गाडी लग्नांना लय फिरलीय." "ह्या घरात कोणी आजारी होतं, गाडी हळू चालवलेली असणार." दार किती उघडतं ते बघते, आत वाकून जावं लागतं की सरळ जाता येतं ते बघते. आणि गळ्यातली शिंप्याची टेप काढून सीट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजते. टेपवर खडूने खूण करते. ही उंची कशाला लागते, ते मला तुषार आला तेव्हा समजलं.

तुषार बदलापूरच्या पुढचा, बारवीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. अंबरनाथला कंपनीत कामाला आहे. कुंदाच्या शेजारच्या चाळीत त्याची बायको रविना वाढलेली, म्हणून तो कुंदाला घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "शेठ, गाडी अशी पायजे की पाड्यावर शिरली की सगळे बघत बसले पायजे. उंच, रुबाबवाली. बाकी कुछ नहीं." मी खूश. माझ्याकडे तशी एक उभीच होती.

कुंदा त्याला म्हणाली, "गाडी कोणासाठी घेतोयस ते सांग शंकररावांना."

तो जरा खाली बघायला लागला. मग बोलला. त्याची आई बकुळा भाताच्या शेतात बांधावरून पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी घेऊन घरात फिरते. पण जीपमध्ये चढायचं म्हणजे दोन माणसांनी बगलेत धरून उचलायचं. तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नात तिला तसंच उचलून उतरवलं. वऱ्हाड समोर, लुगडं गुडघ्यावर गेलेलं, पोरं हसली. त्या दिवसानंतर बाईने अंगण ओलांडलं नाही. वांगणीला तिची थोरली बहीण आहे, तुळशी. तीही थकलेली, दारापलीकडे जात नाही. दोघी रोज फोनवर बोलतात. ती विचारते कधी येतेस, ही म्हणते येते, येते. "आई म्हणते, उचलून नेणार असाल तर माझं मढंच न्या," तुषार म्हणाला.

मी माझ्या रुबाबदार गाडीकडे बघितलं. पायरी चढल्याशिवाय आत जाता येत नाही अशी ती गाडी. तिथून नजर वळली ती कोपऱ्यातल्या डब्याकडे. आमच्या धंद्यात तिला डबाच म्हणतात. छोटी, उंच, चौकोनी, शोरूमवाल्याने किती गोड नावं दिली तरी दिसायला पत्र्याचा डबा तो डबाच. मी खरं तेच सांगितलं, कारण कुंदा समोर होती. हायवेला मोठा ट्रक बाजूने गेला की हलते. वळणावर झुलते. चार माणसं बसवून चढाला लावली की कण्हते. गॅसची टाकी बसवली की डिकी गेली, मग सामान मांडीवर घ्या. पण कॅम्प दोनच्या गल्लीतून निघते, पेट्रोल कमी खाते, छप्पर डोक्याला लागत नाही. तुषारचा चेहरा पडला. "मित्र काय बोलतील, शेठ? डबा घेतला?"

"मित्र मागे बसणार आहेत का?" कुंदाने विचारलं.

नवी घ्यायची का, म्हणून दोघं शोरूमलाही जाऊन आले. कुंदाने तिथेही टेप लावली. सेल्समन बिचारा टचस्क्रीन दाखवत होता आणि ही बाई जमिनीवर उकिडवी. उंची तीच निघाली, दारही तेच. नवीसाठी वाट बघावी लागणार होती, आणि तुळशीचं वय काही वाट बघण्याचं नव्हतं. म्हणून परत माझ्याकडे.

माझ्याकडे तेव्हा दोन डबे होते. चंदेरीत ती बसली, पायाखालचं कार्पेट उचललं, बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बारीक, चिकट माती. "नदीचं पाणी चढलं होतं त्या साली ही बदलापूरला होती, शंकरराव." मी ती गाडी कागद बघून घेतलेली, मातीचं मला काही ठाऊक नव्हतं, आणि गिऱ्हाइकासमोर असं बोट दाखवल्यावर माझा पारा चढला. बडबडलो बरंच. ती तोवर दुसऱ्या, तपकिरी गाडीत जाऊन बसली होती. सीटखालून तिने काढलं काय, तर काठीच्या टोकाचं रबरी बूच. ते हातात घेऊन बघत राहिली. "ह्या गाडीत काठीवालं कोणीतरी रोज बसत होतं," म्हणाली. मिस्त्रीने इंजिन पास केलं.

मी म्हटलं, आता म्हातारीला आणा नाहीतर गाडी दारात नेऊन दाखवू. कुंदा नको म्हणाली. गाडी दारात गेली की अख्खा पाडा गोळा होणार, आणि नाही जमलं तर बकुळाबाई परत कधी बाहेर येणार नाही. त्याऐवजी ती एकटीच पाड्यावर गेली. चहा प्यायली, गप्पा मारल्या आणि बकुळा घरात कुठे बसते ते बघून आली. खाटेवरून तिला उठता येत नव्हतं, स्टुलावर चढता येत नव्हतं. अंगणातल्या दगडी ओट्यावरून मात्र ती काठी टेकून एकटी उठत होती. कुंदाने ओटा मोजला. दुकानात येऊन तपकिरी गाडीच्या सीटला टेप लावली. खडूची खूण बरोबर सीटच्या काठावर आली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला.

गाडी न्यायच्या दिवशी मीही निघालो. काही कारण नव्हतं, कागद तर आधीच झाले होते. मला फक्त बघायचं होतं. कुंदा माझ्या स्कूटरवर मागे. तुषारने वाटेत शिवमंदिरापाशी गाडी थांबवून पूजा केली, चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटला झेंडूचा हार. पाड्यावर पोचलो तर माणसं आधीच जमलेली. बकुळा नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. वांगणीला फोन झाला होता, तुळशी दारात बसून वाट बघतेय म्हणून.

ती ओट्यावरून उठली. काठी टेकत आली. तुषारने दार उघडलं. बकुळा पाठमोरी झाली, बूड टेकायला गेली आणि टेकेचना. टाचा उचलल्या, चवड्यांवर आली, घसरली. तुषारने झटकन बगलेत हात घातला.

"मना नको धरू," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे उचला ना, दोन मिनिटांचं काम." बकुळाने काठी वळवली आणि घराकडे चालायला लागली.

मी कुंदाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने सीटवर तळवा दाबला, आणि मला एकदम कळलं. कव्हर. तुषारने कव्हर तिच्याकडेच टाकलं होतं. जीपच्या फळीवर खुबा दुखतो असं बकुळा त्या दिवशी चहा पिताना बोलली होती, म्हणून कुंदाने आपल्या पदरचा फोम आणून मागच्या सीटला दुप्पट भरला होता, आणि सीट तेवढी वर आली होती. आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाचा लाड केला नाही, तो इथे केला. उघडी सीट मोजली आणि आपलीच शिवण मोजायला विसरली. एरवी मी हसलो असतो. तेव्हा मला तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही.

तुषार म्हणाला, "मावशी, राहू दे, उद्या बघू." कुंदाने पिशवीतून कात्री काढली, गाडीत गुडघे टेकले आणि शिवण उसवायला बसली. नवंकोरं कव्हर, दुहेरी टाके, तिचेच. एकेक टाका तुटत होता. फोमचा थर निघाला तो तिने मागे न बघता बाहेर टाकला. माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग कंटाळून पांगली. मी फोम गोळा करत होतो, दुसरं काय करणार.

मान वर केली तर बकुळा दारातून परत आली होती. काठीवर भार देऊन कुंदाचे हात बघत उभी होती. "कापू नको गं एवढं चांगलं," ती म्हणाली.

"माझं चुकलं, मावशी. मी ओट्यासारखी केली होती. मग गादी घातली."

बकुळाने मोकळ्या हाताने कव्हरची कड धरली, कुंदाला दोरा ओढायला सोपं जावं म्हणून. शेवटचा थर निघाला, कुंदाने सुई घेऊन कच्चे टाके घातले आणि बाजूला झाली. टेप गळ्यातच राहिली, मोजलं नाही.

बकुळा पाठमोरी झाली. बसली. दोन्ही पावलं जमिनीवर होती. मग एक पाय आत, हाताने धरून दुसरा आत. लुगडं जागच्या जागी. तुषार हात मागे बांधून उभा होता, आणि तो पोरगा रडत होता.

"तू बस माझ्या बाजूला," बकुळाने कुंदाला सांगितलं. "तिकडं उतरताना अडलं तर कात्री लागंल." शेकडो गाड्यांत बसलेली ही बाई, पण बसून कुठे गेलेली मी कधी पाहिली नव्हती. ती लाजली. मग चप्पल हातात घेऊन आत बसली. गाडी वळणावर झुलत गेली. मी फोमचा ढीग घेऊन अंगणात उभा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी सीट कव्हरवाल्याकडे गेलो. कुंदा मशीनवर होती. "उतरली का?" मी विचारलं.

"उतरली. कोणी हात लावला नाही."

"मग?"

"मग दोघी गळ्यात पडल्या. चहा झाला. चहा झाल्यावर बकुळाबाईने बहिणीचा हात धरला, हळूहळू गाडीपाशी आणलं आणि म्हणाली, बस, कोनी उचलत नाय."

"बसली?"

"बसली. तुषारने विचारलं, कुठे नेऊ मावशी? तर म्हणे कुठं नको, बसू दे." कुंदाने दोरा दाताने तोडला. "दिवेलागण झाली तरी दोघी मागच्या सीटवर बसल्या होत्या."