ती काही खात नव्हती

माझ्या बायकोनं आठ वर्षं डोक्याची गोळी घेतली. गोळीला मी शिव्या देणार नाही. त्याआधी तिच्या कानात आवाज यायचे. विहिरीत कोणी विष टाकलं म्हणून ती दोन-दोन दिवस पाण्याला शिवायची नाही. गोळी सुरू झाली अन् महिन्याभरात ती पाणी प्यायली, पोटभर जेवली, शेतात यायला लागली. मी देवापुढं नारळ फोडला. शहरातल्या डॉक्टरनं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, "पेशंट गोळी गालात लपवतात. तोंड तपासत जा, बाबा."

बस. एवढंच सांगितलं त्या शहाण्यानं.

चार वर्षांनी तिचं तोंड चालायला लागलं. दाढेखाली सुपारी असावी तसा जबडा हलायचा, जीभ बाहेर येऊन आत जायची, ओठ वाजायचे. हात कापायचे. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या शिवारात नव्हती, ती आता एकेका बोंडाशी झोंबत बसायची. मोताळ्याच्या बाजारात बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला डॉक्टरचं तेवढं एकच बोलणं पाठ. तोंड चालतं म्हणजे गोळी गालात आहे.

"थुक," मी म्हणायचो.

"अवो, गिळली. तोंड आपोआप चालते."

"आपोआप चालाले ते काय चक्की आहे?"

मग बैलाला औषध पाजताना जबडा उघडतात तसं मी तिचं तोंड उघडायचो अन् गालात बोट फिरवायचो. गोळी सापडायची नाही. म्हणजे थुंकली, असं धरून मी दुसरी द्यायचो. हात आणखी कापायचे. मी आणखी चिडायचो.

आमच्या महालक्ष्म्या मोठ्या भावाच्या घरी बसतात. सोळा भाज्या, आंबील, पुरणाच्या पोळ्या. नैवेद्य दाखवेपर्यंत चुलीजवळच्या बाईनं एक दाणा तोंडात टाकायचा नाही. टाकला तर सगळा स्वयंपाक उष्टा. त्या वर्षी ही पोळ्या लाटत होती. वहिनीनं तिचं तोंड पाहिलं अन् ओरडली, "अवं माय, खाऊन राह्यली हे! ऊठ तठून!"

"म्या काई नाई खाल्लं, जाऊबाई."

"मंग तोंड काऊन चालते?"

पंगतीला आलेले लोक दारात गोळा झाले. मला लाज वाटली. तिची नाही, माझी. मी पुढं झालो, सगळ्यांसमोर तिचं तोंड उघडलं अन् म्हटलं, "खात नाई, वहिनी. गोळी लपवते हे." गालात काहीच नव्हतं. तरी खिशातली गोळी काढून दिली. तिनं ती गिळली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मान एका बाजूला वळून ताठ झाली. लाळ गळत होती. सरकारी दवाखान्यात नेली. तिथली तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, "बाबा, हे औषधानं होतं. तोंड चालणं पण त्याच्यानंच. रोज किती देता?" मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मनानं वाढवू नका, अन् मनानं बंदही करू नका. आजार उलटेल." तिनं औषध हळूहळू बदललं. मान सुटली, हात बरे झाले. तोंड काही पुरतं थांबलं नाही.

मी शहरातल्या त्या डॉक्टरकडं गेलो. "हे आम्हाले सांगितलं काऊन नाई?"

"सगळ्यांना होत नाही. आधी सांगितलं की तुम्ही लोक गोळ्या बंद करता."

"केल्याही असत्या, साहेब. पण तिच्या तोंडात बोट घातलं नसतं."

त्यानं घंटी वाजवून पुढचा पेशंट आत बोलावला.

घरी येऊन तिला म्हटलं, "तू खरी होती."

ती म्हणाली, "मले काय सांगता? तोंड चार लोकाईत उघडलं ना? मंग चार लोकाईत सांगा."

पुढच्या महालक्ष्म्यांना सांगू म्हटलं. त्या आल्या अन् गेल्या. वहिनीनं तिला चुलीपाशी बसू दिलं नाही. ती दाराशी बसून माझ्या तोंडाकडं पाहत होती, अन् मी मुकाट्यानं पोळ्या खाल्ल्या. यंदा उन्हाळ्यात ती न्युमोनियानं गेली.

तेरवीला सांगितलं. भर पंगतीत उभा राहिलो. "हे बाई काई खात नोती. गोळीबी लपवत नोती. तिच्या तोंडात बोट घालणारा मीच गाढव." वाढणारे जागच्या जागी थांबले. वहिनी म्हणाली, "आता काय फायदा, भाऊजी? बसा, बुंदी घ्या."

मी पत्रावळ लाथेनं उडवली. बुंदी मातीत गेली. लोक म्हणाले, बुढा वहिनीवर तापला. वहिनीवर कशाला तापू? आता काय फायदा, हे ती खरंच बोलली होती.