आधी टेस्टर

वायरिंगचा संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'टेस्टर' म्हणत. मुलं म्हणायची आपली. निम्म्यांचे केस पिकलेले. दिवसभर कुठेतरी राबून यायचे आणि बाकावर बसल्या बसल्या पेंगायचे. सरांचं काही म्हणणं नसे. उशीर झाला, चालेल. वही राहिली, चालेल. लिहायला जमत नाही, तोंडी सांगा. कॉलेजातले बाकीचे मास्तर नाकं मुरडत, "डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्ही त्यांना." सर ते हसण्यावारी नेत.

एका गोष्टीत मात्र ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा. मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद केला असला तरी लावायचा. प्रॅक्टिकलला हे विसरला तो नापास, मग तो कोणी का असेना.

काका विसरले.

काका वर्गात सगळ्यांत थोरले, सरांहूनही मोठे. रखवालदार होते, वर्ग संपला की थेट रात्रपाळीला जायचे. दिवसा घरी आजारी बायको, मग झोप कुठली? एका कारखान्याने त्यांना वायरमन म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण सर्टिफिकेट त्याच महिन्यात हवं होतं. त्यानंतर त्यांचं वय बसत नव्हतं. परीक्षेत त्यांनी बोर्ड झकास जोडला. टेस्टर खिशातच राहिला.

"सर, मेन मीच बंद केला होता हो. तुमच्या डोळ्यांदेखत."

"पाहिलं मी, काका."

"मग? इतक्या वेळा सांभाळून घेतलंत, आजच का असं?"

सरांनी बंद मेनकडे पाहिलं. पण उद्या कारखान्यात दुसऱ्याच कोणी मेन चालू केला तर?

"सहा महिन्यांनी परत बसा," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. काका परत बसले नाहीत, वर्गातही फिरकले नाहीत.

वर्षभराने सरांच्या बहिणीच्या घरचा बोर्ड जळला. सर पोचेपर्यंत तिने गल्लीतल्या कोणालातरी बोलावलंही होतं. स्टुलावर काका उभे. रात्री रखवाली, दिवसा अशी सटरफटर कामं, सर्टिफिकेटाशिवाय.

त्यांनी सरांना पाहिलं. मेन बंद केला होताच. खिशातून टेस्टर काढला, एकेका तारेला लावला, मग पुन्हा एकदा लावला.

"आता तरी पास का, सर?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"पास."

काकांनी मान हलवली आणि जळकी तार कापायला घेतली.

"ओळखतोस का रे यांना?" बहीण हळूच म्हणाली. "फार जपून काम करतात. कुठेतरी चांगल्या ठिकाणी लागायला हवे होते."

काम संपेपर्यंत सर मेन स्विचपाशी उभे राहिले, कोणी चुकून चालू करू नये म्हणून.