काशी युद्धाला तयार होईना

“मेघना, तुझं युद्ध सुरू कधी होणार?” पुण्याहून सर व्हिडिओ कॉलवर विचारत होते. स्क्रीनवर कोसलचं सैन्य काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर मांडी घालून बसलेलं. काशीचं सैन्य समोर उभं. तलवारी म्यानात. कुणी कुणाला हात लावेना.

“सर, सुरूच आहे.”

“हे युद्ध? पंगत खोळंबल्यासारखं दिसतंय!”

मी कॉम्प्युटर गेमचे सिनारिओ बनवते. सिनारिओ म्हणजे एका लढाईचा मांडून दिलेला डाव: नकाशा, दोन सैन्यं आणि कशाला किती पॉइंट्स. प्राचीन भारतावरच्या या गेममध्ये माझं गाव, काशी, यावं म्हणून मी सरांच्या हात धुऊन मागे लागले होते.

“शुक्रवारी क्लायंटला डेमो आहे,” सर म्हणाले. “तोवर लढले नाहीत तर काशी कट. पाटलीपुत्र घालू.”



घोळ आमच्या घरातूनच झाला होता. बाबा रामघाटावर वेद शिकवतात. गेममध्ये बरेच सैनिक मेले की उरलेले पळतात, हे त्यांना दाखवलं आणि ते खवळलेच. “काशीत मरण आलं तर कोणी भागतं का? मुक्ती मिळते इथे!” म्हटलं, वा, अस्सल बनारसी नियम. काशीत ज्याचा सैनिक मरेल, त्याला भरघोस पॉइंट्स.

चाचणीत कॉम्प्युटरच दोन्ही बाजूंनी खेळतो, आणि हिशोबाला पक्का. कोसलला कळलं, काशीत मरण्यासारखा फायदा नाही. ते येऊन बसले. काशीला कळलं, यांना मारलं की पॉइंट्स यांनाच. मग मारतो कोण! कोसलही त्याच कारणानं तलवार उपसेना.

नियम काढता आला असता. पण मग ती काशी कसली, कुठलंही गाव झालं असतं. मी तणतणत बाबांकडे गेले. “तुमच्या मुक्तीनं माझी काशी बुडवली!”

“आणि उस पार मेला तर?” बाबांनी शांतपणे विचारलं.

“काय होतं?”

“गाढव! पुढचा जन्म गाढवाचा. रामघाटावर वाढलीस आणि एवढं माहीत नाही?”

लगेच घातलं. गंगेच्या पलीकडच्या काठावर मेलेला सैनिक गाढव होऊन उठेल. पॉइंट्स शून्य.

डेमोत काशीचे सैनिक एकदम कामाला लागले. कोसलवाल्यांना होड्यांत कोंबलं, पलीकडे नेलं आणि तिथे हाणलं. बघता बघता वाळूवर गाढवंच गाढवं. सरांनी कपाळाला हात लावला. मी डोळेच मिटले.

क्लायंट खाकरले. “गाढवांच्या बाजूनं खेळता येईल का?”

काशी राहिली, गाढवांसकट. गेम बाजारात आला, आणि आता तर बहुतेक खेळाडू आपलं सैन्य मुद्दाम उस पार नेऊन मारून घेतात. कारण मुक्त झालेला डावातून उठतो, गाढवाला पुढची चाल मिळते. मी एवढंच शिकले: बक्षीस कितीही मोठं द्या, खेळणाऱ्याला उठवू नका.

बाबांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. “मोक्ष मिळत असताना लोकांनी गाढव घेतलं?”

“हो.”

“हद्द झाली!” म्हणत ते पाठशाळेकडे निघाले. दारापर्यंत गेले, थबकले आणि परत येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

“दाखव जरा. गाढव चालवायचं कसं?”