आईच्या जखमेची वही

आईच्या कमरेवर, जिथं लुगड्याची गाठ येते, तिथं एक जखम होती. वर्षानुवर्षं गाठ आवळून कातडी आधी काळी पडली, मग फुटली. मी एफ.वाय.ला होते तेव्हा मुंबईच्या डॉक्टरबाईंनी कातडीचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. एका नव्या मलमाची चाचणी चालली होती. त्यात भाग घेतला तर कदाचित कापावं लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. आई कापायला फार भीत होती. तिनं कागदावर अंगठा उठवला, साक्षीदार म्हणून मी सही केली. सगळं समजलं, असंही मीच सांगितलं. खरं तर निम्मंच समजलं होतं.

अटी मला सोप्या वाटल्या. मलम दिवसातून दोनदा लावायचं, कमरेला काही बांधायचं नाही, सैल झगा घालायचा, रोज वहीत लिहायचं. दर पंधरा दिवसांनी तपासणी, तेव्हा जखम मापून तिचा फोटो काढणार; त्या सकाळी ती धुवायची नाही.

"झगा घालून लावणीला जाऊ? लोकं म्हनतील, हिला या वयात दिवस गेले!"

"मग जाऊ नकोस महिनाभर."

"आन् भात काय तुजं कालेज लावंल?"

मी सकाळच्या एस.टी.नं कर्जतला जायची, संध्याकाळी परत. आल्यावर विचारायची, "आये, बांधलं नव्हतंस ना?" ती म्हणायची, "नाय गं बाय." मी वहीत 'नाही' लिहायची. कमर उघडी करून बघायची लाज वाटायची, तिलाही आणि मलाही.

तिसऱ्या तपासणीला आई बुद्धजयंतीचं पांढरं लुगडं नेसून निघाली. कडक खळ आणि गाठ नेहमीपेक्षा घट्ट. पहाटे जखम साबणानं घासून धुतलेली.

"अगं, धुवायची नाही म्हणून बजावलं होतं!"

"घान घेऊन डाक्टरपुढं जायचं? काय म्हनतील आपल्याला?"

लहानपणी तिला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. मी वही पिशवीत टाकली आणि निघाले.

दवाखान्यात जखम रक्ताळलेली निघाली. डॉक्टरबाईंनी वही चाळली. "इथं रोज 'नाही' आहे. मग हा वळ कशाचा?"

आई माझ्याकडे बघत राहिली.

"मी बघितलं नव्हतं," मी म्हणाले. "तिला विचारून लिहिलं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पानांवर तिरकी रेघ मारली. जखम मलम लावूनही वाढली की गाठीनं घासली, हे आता सांगता येणार नाही म्हणाल्या. चाचणीतून आईचं नाव कमी झालं. मलमाची ट्यूब परत घेतली आणि ऑपरेशनची चिठ्ठी हातात दिली.

बाहेर बाकावर आई म्हणाली, "नाय बांधलं म्हनली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?"

"वळ त्यांना दिसला ना, आये!" मी ओरडलेच. आजूबाजूचे पेशंट बघायला लागले.

ऑपरेशन झालं. आई वाचली, याचं समाधान आहेच. पण ते मलम तिला लागू पडत होतं का, हे कुणालाच कळलं नाही. वस्तीतल्या बायका विचारायला आल्या की ती मला ऐकू जाईल असं सांगायची, "पोरगी खरं बोलली, म्हनून मला टाके पडले."